ड्राय फोर्कचं साधं पेट्रोल

निळ्या गाडीचं दार उघडून डेन्झिल बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "बसा ना मॅडम. चावत नाही ती."

नेड्रा बसली नाही. ती गाडीला वळसा घालून मागे गेली, टाकीचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला चिकटवलेली बारीक अक्षरांची पट्टी चष्मा कपाळावर चढवून वाचली. प्रीमियमची शिफारस. किमान सत्त्याऐंशी ऑक्टेन.

"शिफारस आहे हो, सक्ती नाही," डेन्झिल म्हणाला. "डॉक्टर नाही का सांगत, रोज तासभर चाला म्हणून? कोण चालतं?"

"मी नाही चालत," अरलन म्हणाला आणि हसला. नेड्राला ते हसू आवडलं नाही.

डेन्झिल वीस वर्षं कार्व्हर शहराच्या त्याच कोपऱ्यावर गाड्या विकत होता. माणूस फाटकातून आत येईपर्यंत त्याच्या मनात त्याची फाईल तयार होई. आजची फाईल सोपी होती. खिंडीपलीकडच्या गावातलं साठीचं जोडपं, जुना पिकअप, सीटवर कुत्र्याचे केस, आणि हवी आहे वेगवान, दोन दारांची गाडी. नवरा नुकता निवृत्त झालाय.

"म्हातारचळ म्हणा," अरलनने स्वतःच सांगून टाकलं. "तीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा नांगर चालवला, ताशी वीस मैल. आता जरा पळवून बघू म्हटलं."

"आणि मॅडमचं काय म्हणणं?"

"तिला फक्त साध्या पेट्रोलची पडलीय."

ते खरं होतं. अर्धं खरं होतं. नेड्रा ड्राय फोर्कच्या पाणीपुरवठ्यात रसायनतज्ज्ञ होती. रोज सकाळी गावाचं पाणी काचेच्या नळ्यांत घ्यायचं, त्यातला क्लोरीन मोजायचा, आकडा वहीत लिहायचा, हे तिचं काम. मोजता येईल त्यावर तिचा विश्वास होता. भीती मोजता येत नाही, पण तिचे परिणाम मोजता येतात. आत्ता या आवारात, ऑक्टोबरच्या उन्हात नुसतं उभं असताना तिच्या मनगटातली नाडी मिनिटाला शहाण्णव होती. एप्रिलपासून ती नव्वदीच्या खाली फार वेळा आलीच नव्हती.

एप्रिलमध्ये एका सकाळी अरलन न्याहारीच्या टेबलावरून उठला आणि परत बसला. छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं वाटतंय, म्हणाला. नेड्राने फोन उचलला तेव्हा त्याने तिचा हात धरला. अँब्युलन्स नको. गावाची अँब्युलन्स म्हणजे चार शेजारी, आपापली कामं टाकून येणारे. आणि तिला बोलावलं की जिल्ह्याच्या वायरलेसवर आधी नाव, मग पत्ता, मग दुखणं. ड्राय फोर्कमध्ये तो वायरलेस ऐकायचा डबा ज्याच्या स्वयंपाकघरात नाही असं घर नाही. "सगळं गाव कॉफी पिता पिता माझी छाती ऐकणार," अरलन म्हणाला होता. "अँब्युलन्सपुढचा बर्फ मी काढायचो, नेड्रा. मी तिच्यात आडवा पडून नाही जायचा." म्हणून ते पिकअपने निघाले. कार्व्हरच्या इस्पितळापर्यंत अडुसष्ट मैल. गावाकडून खिंडीपर्यंतच्या एकोणीस मैलांच्या चढावर पिकअप अडतीसच्या वर गेला नाही. इस्पितळ यायला एक तास चाळीस मिनिटं लागली. अरलन वाचला, पण डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर हृदयाचा एक तुकडा दाखवला, जो आता हलत नव्हता. पुढच्या वेळी तासाच्या आत, त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी आधी फोन.

फोनला अरलन तयार नव्हता. मग उरला वेग. आणि ड्राय फोर्कमध्ये एकच पंप होता, त्याला दोनच नळ्या, एक डिझेलची आणि एक साध्या पेट्रोलची. प्रीमियम खिंडीअलीकडे, म्हणजे इथे, कार्व्हरला. इथून भरून घरी पोचेपर्यंत त्यातलं पाव संपणार. तेव्हा गाडी हवी ती गावच्या साध्या पेट्रोलवर पळणारी. यात म्हातारचळ कुठेच नव्हता.

"ती काळी?" तिने विचारलं.

"काळी मोठ्या इंजिनाची आहे. कसलंही पेट्रोल पाजा, कुरकुर नाही. पण खरं सांगू? वर विरळ हवेत तिचा पाव दम जातो. निळीला टर्बो आहे. तिला उंचीबिंची कळतच नाही."

"तेच तर," नेड्रा म्हणाली. "टर्बो विरळ हवा दाबून इंजिनात कोंबतो. इंजिनाला वाटतं आपण समुद्रकाठी आहोत. मग पेट्रोलही समुद्रकाठचं लागणार. आमच्याकडे साधं म्हणजे पंच्याऐंशी ऑक्टेनचं, दाबलं की वेळेआधी पेटणारं."

"अहो, वरचं पंच्याऐंशी म्हणजे खालचं सत्त्याऐंशी. माझ्या आजोबांपासून सगळे भरतात."

"तुमच्या आजोबांच्या गाडीला टर्बो नव्हता."

डेन्झिलने अरलनकडे पाहिलं. "घरीपण असंच असतं?"

"घरी आकडे जास्त असतात," अरलन म्हणाला.

तिने जे मागितलं ते डेन्झिलकडे आजवर कुणी मागितलं नव्हतं. लोक कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत जाऊन येत. हिला गाडी गावापर्यंत न्यायची होती, गावच्या पंपावर भरायची होती, आणि तिकडून खिंड चढून परत यायचं होतं. एकशे छत्तीस मैल. आज निळी, उद्या काळी. मंगळवार होता, आवारात चिटपाखरू नव्हतं. डेन्झिलने पिकअपची चावी ठेवून घेतली आणि टाकी एक तृतीयांश भरलेली निळी गाडी त्यांच्या हवाली केली.

जाताना गाडी अरलनने चालवली, आणि गाडी सुंदर चालली. टाकीत डेन्झिलचं प्रीमियम होतं. वळणांवर ती रस्त्याला चिकटून राहायची. समोरून येणाऱ्या प्रत्येक पिकअपला अरलन स्टिअरिंगवरून एक बोट उचलून सलाम करत होता आणि गाडी न ओळखल्यामुळे लोक जरा उशिरा बोट उचलत होते. खिंडीवरून खाली ड्राय फोर्क दिसलं तेव्हा त्याने शीळ घातली. नेड्रा शिळेमधले श्वास ऐकत होती.

पंपावर व्हर्ना बाहेरच आली. साठीची, रुंद, कमरेला एप्रन. पंप तिचा, दुकान तिचं, आणि गावच्या अँब्युलन्सवरच्या चौघांतली एक तीच. "कुणाची पळवून आणलीस रे?" तिने अरलनला विचारलं. "आणि यात चढतोस कसा? उतरायला दोरी लागत असेल."

"तू हेवा कर. आणि टाकी भर."

"नेड्रा, याला आवर गं. आज गाडी, उद्या कानात बाळी घालेल."

नेड्राने नळी स्वतः धरली. टाकीत उरलं असेल दीडेक गॅलन जुनं, वर अकरा गॅलन पंच्याऐंशीचं. मिश्रण म्हणजे पंच्याऐंशी आणि वर नाममात्र. तिने डोक्यात भागाकार केला, तो बरोबर आहे याची खात्री करून घेतली आणि नळी परत अडकवली. अरलन दुकानात जाऊन कॉफी घेऊन आला. त्याने ती अर्धीच प्यायली आणि कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. अरलन कधी कॉफी टाकत नसे.

"काय झालं?"

"कडू आहे. व्हर्नाची कॉफी आहे ती."

आता नेड्रा चालवणार होती. तसंच ठरलं होतं, कारण पुन्हा दुखेल त्या दिवशी तीच चालवणार असेल. अरलन शेजारी घड्याळ घेऊन बसला. मैलाचे दगड गावापासून सुरू होत. खिंड एकोणिसाव्यावर. "एप्रिल समजून चालव," तो म्हणाला, थट्टेने.

पहिले पाच मैल ती नुसती आवाज ऐकत होती. गाडी अजून ठीक होती. नव्या इंजिनाचा मेंदू जुन्या पेट्रोलच्या आठवणीवर थोडा वेळ चालतो, हे तिने वाचलं होतं. सहाव्या मैलाला चढ खरा सुरू झाला. तिने पाय दाबला. सत्तर. वळणाला साठ. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला बर्फ अडवायच्या लाकडी भिंतींच्या रांगा, अजून कोरड्या.

"सहा मैल, सव्वासहा मिनिटं," अरलन म्हणाला. "वा."

सातव्याच्या आसपास तो आवाज आला. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे टाकून कुणी हळूच हलवावा तसा. तिने पाय सैल केला, आवाज थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा खडे. इंजिनाच्या पोटात पेट्रोल आपल्या वेळेआधी पेटत होतं, जिथे एक धक्का हवा तिथे दोन बसत होते. ती जे म्हणाली होती तेच घडत होतं, आणि आपण बरोबर ठरलो याचा तिला जन्मात इतका कमी आनंद झाला नव्हता.

"ऐकतोयस?"

"हं."

"इतक्यातच."

आठव्या मैलाला त्याने मिनिटं सांगितली नाहीत. तिने तिरक्या नजरेने पाहिलं. तो हाताच्या पाठीने जबडा चोळत होता, दाढ दुखल्यासारखा.

नवव्या मैलाच्या अलीकडे खडीचा ट्रक लागला. ताशी पंचवीस. मागून धूळ आणि बारीक खडे उडत होते. पुढे सरळ तुकडा होता, तुटक रेघ होती, समोर रस्ता रिकामा. त्या दिवशीही असा ट्रक असेलच. तिने गाडी डावीकडे, समोरून येणाऱ्यांच्या पट्ट्यात काढली आणि पाय तळाला टेकवला.

गाडी झेपावली. ट्रकची मागची चाकं, मधली चाकं, आणि मग डब्यातले खडे एकदम तडतडले आणि मागून कुणी दोरीने धरून ओढावं तशी गाडी ढिली पडली. इंजिनाच्या मेंदूने स्वतःला वाचवायचं ठरवलं होतं. पाय तळाला, आणि काटा पन्नासवरून सत्तेचाळीसवर. ट्रकचा चालक तिच्या उजव्या खांद्यापाशी होता आणि तिथेच राहिला. समोरच्या वळणातून घोड्यांचा ट्रेलर ओढणारा पिकअप बाहेर आला.

पुढच्या चार सेकंदांत तिने काय केलं ते तिला नंतर नीट सांगता आलं नाही. ब्रेक दाबला असणार. ट्रक पुढे गेला, ती त्याच्या धुळीत मागे घुसली, आणि पिकअप भोंगा वाजवत इतक्या जवळून गेला की आतल्या बाईच्या कानातलं तिला दिसलं. हिरवं. पुढचे दोन मैल ती ट्रकच्या मागे पंचवीसने चालली. हात स्टिअरिंगवर इतके आवळले होते की बोटं पांढरी पडली होती. अरलनकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती. तो शिव्या देईल असं तिला वाटलं. त्याने द्याव्यात असं तिला फार वाटलं.

अकराव्या मैलाला दरीच्या बाजूला गाड्या थांबवायची जागा होती. तिने गाडी तिथे घेतली आणि बंद केली. वारा ऐकू येऊ लागला.

"अरलन."

त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा होता. वरच्या ओठावर घाम. खिडकीची काच उघडी, थंडी वाजावी इतका वारा आत, आणि घाम.

"मैल अकरा," तो म्हणाला. "घड्याळ... बघायचं राहिलं."

"घाबरलास?"

"हो."

"दुखतंय?"

तो समोर बघत राहिला. "मला वाटलं भीतीच आहे. पंपावर वाटलं पित्त. नवव्या मैलाला वाटलं भीती."

"अरलन, दुखतंय का?"

"हो."

नेड्रा त्याच्याकडे वाकली. मग त्याच्या शर्टाच्या खिशातली गोळ्यांची बाटली काढताना तिची बोटं अगदी स्थिर होती, प्रयोगशाळेत असतात तशी, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "चाव. गिळू नको, चाव." त्याने ऍस्पिरिन चावली. तिने फोन पाहिला. सिग्नलची एकही रेघ नाही.

पुढे सत्तावन्न मैल. त्यातले आठ चढाचे, या गाडीने, या पेट्रोलवर, त्या ट्रकच्या मागे. सहा महिने तिने डोक्यात फक्त पुढे जायचा हिशेब केला होता. तिने गाडी सुरू केली आणि तोंड गावाकडे वळवलं.

"नेड्रा. शहर पुढं आहे."

"व्हर्ना मागं आहे."

"मी सांगितलंय तुला. पुढं चल."

"नाही."

"माझी छाती आहे."

"आणि चालवायला मी आहे. आत्ता मी आपल्या दोघांना मारलं असतं, तू पाहिलंस. मी तुला नाही नेऊ शकत, अरलन. कुठल्याच गाडीने नाही." तिचा आवाज चढला नाही. तिला तेवढा श्वासच नव्हता. "फोन कुठे लागेल तेवढं सांग. हा रस्ता तुझा आहे."

तिने मान वळवून त्याची छाती हलते आहे का ते पाहिलं. हलत होती.

"सहावा मैल," तो म्हणाला. "भिंती संपतात तिथं. थांबू नको, चालत्या गाडीत लागतो."

उतारावर इंजिनाला काम नव्हतं. खडे वाजले नाहीत. साधं पेट्रोल, उतार, आणि मऊ घरघर. ती साठच्या वर गेली नाही. सगळं अंग आणखी वेगाने जा म्हणत होतं आणि ती साठवर राहिली, वळणाला पंचेचाळीस. प्रत्येक वळणाला अरलनचं डोकं काचेकडे झुकत होतं आणि परत येत होतं. ती त्याचे श्वास मोजू लागली. चोवीस. पुढच्या मिनिटाला सव्वीस. आकडा कळून उपयोग नव्हता, पण मोजणं थांबवलं तर काय होईल हे तिला बघायचं नव्हतं.

भिंती संपल्या. तिने फोन अरलनच्या मांडीवर ठेवला, बोट न बघता फिरवलं. नऊ, एक, एक. लागला.

"नाव सांगा," पलीकडची बाई म्हणाली.

नेड्राने सांगितलं. अरलन टॉलिव्हर, वय सहासष्ट, छातीत दुखणं, आधी एकदा झटका. खिंडीचा रस्ता, गावाकडे येतोय, निळी गाडी. प्रत्येक शब्द तोडून. पलीकडची बाई तोच शब्द वायरलेसवर सांगत होती आणि तो गावातल्या प्रत्येक ओट्यावरून ऐकू जात होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. अरलनने तोंड खिडकीकडे फिरवलं. पण त्याचा हात आला आणि तिच्या मांडीवर जड होऊन पडला.

तिसऱ्या मैलाला, गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी सळ्यांपाशी, अँब्युलन्स आडवी उभी होती. व्हर्नाच्या अंगावर अजून पंपावरचा एप्रन होता. तिने दार उघडलं, अरलनचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या शर्टाची बटणं तोडली.

"तुझी बोंब साऱ्या गावानं ऐकलीय," ती म्हणाली. "आता मरायची सोय नाही. लोक मला विचारतील."

"तुझी कॉफी," अरलन पुटपुटला. "कॉफीनं झालं."

"तसंच सांग वर जाऊन. पाय उचल."

तारा छातीवर लागल्या, कागदाची पट्टी सळसळत बाहेर आली. व्हर्नाने ती पाहिली आणि तिचा चेहरा एकदम कामाचा झाला. थट्टा गेली. ती वायरलेसवर बोलू लागली. नेड्राला त्यातले दोनच शब्द कळले, शाळा आणि मैदान.

हेलिकॉप्टर चोवीस मिनिटांत आलं. शाळेच्या मैदानावर गवत आडवं झालं, कुंपणापाशी उभ्या असलेल्या माणसांनी टोप्या धरून ठेवल्या. कुणी जवळ आलं नाही, कुणी काही विचारलं नाही. नेड्राला आत जागा नव्हती. दार बंद होताना तिला अरलनचे फक्त बूट दिसले, चिखल लागलेले, पंजे बाहेरच्या बाजूला पडलेले.

आवाज दूर गेल्यावर तिने विचारलं, "व्हर्ना, एप्रिलमध्ये पण हे आलं असतं?"

व्हर्ना रबरी हातमोजे काढत होती. एक बोट अडकलं होतं, ते तिने सावकाश सोडवलं.

"वारा नसता तर आलं असतं," ती म्हणाली.

नेड्राला आठवलं. एप्रिलच्या त्या सकाळी वारा नव्हता. पिकअपच्या धुराची रेघ सरळ वर गेली होती. तिने मान हलवली.

"मी सोडते तुला कार्व्हरला," व्हर्ना म्हणाली. "पंप पडू दे बंद."

"अँब्युलन्सला तू लागशील."

"मग हळू जा. घाई आता त्यांची आहे, तुझी नाही."

ती हळू गेली. खिंडीवर फोनला रेघ आली, पण तिने तो हातात घेतला नाही. जोवर वाजत नाही तोवर काहीच ठरलेलं नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. हे शास्त्राला धरून नव्हतं. उतरताना एकोणपन्नास मैलांत तो वाजला नाही, आणि त्या एकोणपन्नास मैलांइतकं लांब तिने आयुष्यात काही पार केलं नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरीणबाई त्याच होत्या. हृदयाची बंद पडलेली शीर उघडली, म्हणाल्या. फोनपासून टेबलापर्यंत त्रेपन्न मिनिटं. पुढचे दोन दिवस सांगता येत नाहीत, पण स्नायू वाचलाय. अरलन नळ्यांमध्ये झोपला होता. नेड्रा खुर्चीत बसून पडद्यावरची हिरवी रेघ बघत राहिली. एका तासाने त्याने डोळे उघडले.

"कोण कोण होतं कुंपणापाशी?" त्याने विचारलं.

"निम्मं गाव."

त्याने डोळे मिटले. कानशिलापर्यंत लाली चढली, आणि तो रंग बघून ती दिवसभरात पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती निळी गाडी परत करायला गेली. डेन्झिलला कळलं होतं. त्याने टोपी काढली, टोपीचं काय करावं ते न कळून पुन्हा घातली.

"माझ्या गाडीमुळे तर..."

"नाही. पण आमच्या पेट्रोलवर तिच्या पोटात खडे वाजतात. गिऱ्हाइकांना सांगत जा."

"सांगेन." तो वळला. "पिकअपची चावी आणतो."

"काळी उघडा," नेड्रा म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. गाडी विकायची तीच वेळ होती, पण त्याचं मन झालं नाही. "मॅडम, सावकाश बघा. काळी वर तेवढी पळणार नाही, मी सांगितलंय. तुम्हाला वेग हवा होता."

"उजवी सीट मागे किती पडते?"

"उजवी?"

"शेजारची. आणि पट्टा छातीवर कुठे येतो ते बघायचंय. दोन आठवड्यांनी त्याला घरी आणायचंय. आणता आलं तर."

डेन्झिलने दार उघडून दिलं. ती चालकाच्या जागी नाही, शेजारी बसली. खटका ओढला, सीट मागे गेली, आणखी मागे, आणि तिला गाडीचं छत दिसू लागलं. तिने पट्टा लावला. तो बरोबर छातीच्या मधल्या हाडावर आला. खांद्यापाशीची कडी एक घर खाली सरकवल्यावर तो जरा बाजूला झाला. तिने तिथे पट्ट्याखाली हात घालून पाहिला. तळव्याखाली तिचं स्वतःचं हृदय जोरात चाललं होतं.

"सुरू करा," तिने डोळे मिटून सांगितलं. "आणि वरच्या रस्त्याला न्या. सावकाश. टाकीत काय आहे?"

"साधं," डेन्झिल चालकाच्या जागी बसत म्हणाला.

"पंच्याऐंशी?"

"पंच्याऐंशी. सकाळी मीच भरलं."

गाडी आवाराबाहेर पडली. रस्ता चढाला लागला तशी नेड्राने दाराची कड घट्ट धरली आणि ऐकू लागली.